काचेआडची मांडणी: जोसेफ कॉर्नेलच्या पेट्या कशा पाहाव्यात



चित्र दुरून पाहता येते, शिल्पाभोवती फिरून ते सर्व बाजूंनी न्याहाळता येते. परंतु संग्रहालयात ठेवलेल्या एखाद्या उथळ लाकडी पेटीसमोर उभे राहिल्यावर पाहणाऱ्याची थोडी पंचाईत होते. पेटी लहान असते, तिच्यातल्या वस्तू ओळखीच्या असतात आणि शेजारच्या पाटीवरील शीर्षक मात्र गूढ असते. बहुतेक प्रेक्षक आधी वस्तू ओळखतात, मग पाटी वाचतात, दोहोंचा मेळ बसत नाही असे दिसताच पुढच्या दालनाकडे वळतात आणि आपल्याला ही कला कळत नाही अशी समजूत करून घेतात. खरे पाहता, येथे कळण्यापेक्षा थांबण्याची गरज अधिक असते, आणि थांबून नेमके काय पाहायचे हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. न्यूयॉर्कचा कलावंत जोसेफ कॉर्नेल याने १९३६ पासून पुढे सुमारे तीन दशके ज्या पेट्या केल्या, त्यांच्यापैकी काही निवडून त्या संग्रहालयात जवळून कशा पाहाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे. या विचाराचे सूत्र आरंभीच सांगून टाकणे बरे. पेटीचा अर्थ तिच्यातील वस्तूंच्या यादीत सापडत नाही. तो पेटीच्या सीमेत, वस्तूंच्या शेजारात आणि त्यांच्या हालचालीत असतो, आणि कलावंताच्या आयुष्याविषयीची माहिती ही या तिन्हींनंतर येणारी गोष्ट आहे. म्हणून विवेचनाचे टप्पे चार: सीमा, शेजार, हालचाल आणि माहिती.

त्याआधी एका संज्ञेचा उलगडा आवश्यक आहे. सपाट पृष्ठभागावर कात्रणे चिकटवून केलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. तीच रीत घनवस्तूंना लावून, म्हणजे काही कोरण्याऐवजी वा ओतण्याऐवजी तयार वस्तूच एकमेकींशी जुळवून जी रचना केली जाते, तिला असेंब्लाज म्हणतात. पिकासोने १९१२ मध्ये लंबवर्तुळाकार कॅनव्हासवर वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवून कडेने खराखुरा दोर बसवला, तेव्हा या रीतीचे दार उघडले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हॅनोव्हर येथे कुर्ट श्विटर्स याने वापरलेली तिकिटे, वेष्टने आणि लाकडाचे तुकडे यांतून रचना केल्या. पुढे १९५० च्या दशकात झां द्युब्यूफे या फ्रेंच चित्रकाराने असेंब्लाज ही संज्ञा वापरात आणली, आणि विल्यम साइट्झ याने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये याच नावाचे मोठे प्रदर्शन भरवल्यावर ती सर्वत्र रुळली. त्या प्रदर्शनात कॉर्नेलच्याही पेट्या होत्या, मात्र तोवर तो पाव शतक हे काम करत आला होता. नाव मागाहून आले, काम आधीपासून चालू होते. कलेच्या इतिहासात असे वारंवार घडते.

आता पहिला मुद्दा, सीमेचा.

चित्राची चौकट जगाचा एक तुकडा कापून दाखवते, आणि चौकटीबाहेरही ते जग पसरलेले असावे असा भास निर्माण करते. पेटीचे तसे नसते. पेटीला तळ असतो, छत असते, दोन भिंती आणि एक पाठ असते; तिच्यात ठेवलेल्या वस्तूची सावली त्या पाठीवर पडते, आणि पाहणारा अर्धे पाऊल डावीकडे सरकला की पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते. म्हणजे पेटी ही एक जागा असते. तिच्यात वस्तू राहतात, आणि राहतात म्हणूनच त्यांच्यात उंच-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर असे संबंध उत्पन्न होतात. देव्हाऱ्यातही प्रत्येक मूर्तीची, टाकाची आणि शंखाची जागा ठरलेली असते. फरक इतकाच की तेथे ती जागा परंपरेने दिलेली असते, आणि येथे ती एका माणसाने, पुष्कळदा वर्षानुवर्षे वस्तू हलवून-बदलून, स्वतः ठरवलेली असते.

कॉर्नेलने अशी पेटी प्रथम सिद्ध केली ती १९३६ मध्ये. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात असलेल्या या पेटीचे नाव ‘सोप बबल सेट’, म्हणजे साबणाचे फुगे उडवण्याचा संच. तिच्या मध्यभागी चंद्राचा जुना नकाशा आहे. त्याच्या आजूबाजूच्या कप्प्यांत पांढऱ्या मातीचा पाइप, पेल्यात ठेवलेले अंडे आणि बाहुलीचे डोके आहे. पाश्चात्त्य घरांत मुले अशाच पाइपने साबणाचे फुगे उडवीत. फुगा गोल, अंडे गोल, डोके गोल आणि चंद्रही गोल. एवढे ध्यानात येताच पाहणाऱ्याला वाटते की कोडे सुटले. पण ते सुटते का? आकारांचे साम्य हे केवळ पेटीत शिरण्याचे दार आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: क्षणभर टिकणारा फुगा पेटीत कोठेच दिसत नसताना, आणि युगानुयुगे टिकणारा चंद्र मध्यभागी ठेवलेला असताना, पेटीचे नाव मात्र फुग्यांवरून का दिले गेले असावे? जी वस्तू नाही तिचे नाव, आणि ज्या वस्तू आहेत त्या तिच्या अनुपस्थितीभोवती मांडलेल्या, अशी ही रचना आहे. आणि हे लक्षात येते ते पेटीच्या कडा, कप्पे आणि मध्य हे सावकाश पाहिल्यावरच.

सीमेचा आणखी एक भाग म्हणजे काच. काच वस्तूचे रक्षण करते आणि ती वस्तू हाताला दुरावते. संग्रहालय काचेच्या याच दुहेरी गुणावर चालते. कॉर्नेलला याची पुरती जाणीव होती, हे आयोवा राज्यातील डे मॉइन आर्ट सेंटरच्या संग्रहातील १९४३ च्या एका पेटीवरून स्पष्ट दिसते. तिचे शीर्षक ‘हॅबिटॅट ग्रुप फॉर अ शूटिंग गॅलरी’ असे आहे. निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत पेंढा भरलेले पशुपक्षी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यासह काचेआड मांडतात, त्या मांडणीला हॅबिटॅट ग्रुप म्हणतात. आणि जत्रेत बंदुकीने नेम मारण्याच्या दुकानाला शूटिंग गॅलरी म्हणतात. कॉर्नेलने या दोन जागा एका पेटीत एकत्र आणल्या. पेटीत पोपट जातीच्या पक्ष्यांची रंगीत कात्रणे आहेत, त्यांच्यावर जत्रेतल्या निशाणांसारखे क्रमांक आहेत, मागे रंगाचे शिंतोडे उडालेले आहेत, तळाशी पिसे आहेत, आणि काचेला गोळी लागून गेल्यासारखे भोक पडून भोवताली तडे गेले आहेत.

श्रोतेहो, वर्ष १९४३ आहे. जगात युद्ध चालू आहे, आणि पेटीत एकही सैनिक नाही, ध्वज नाही, घोषणा नाही. तरीही युद्ध आहे. ते कोठे आहे? ते काचेच्या तड्यात आहे. इतर पेट्यांत जी काच रक्षण करते, तीच येथे जखमी झालेली आहे. शिवाय ही पेटी संग्रहालयालाही सोडत नाही. पक्ष्याला टिपून मारणे आणि मग त्याला जपून मांडणे या दोन क्रिया वाटतात तितक्या एकमेकींपासून दूर नाहीत, असे ती संग्रहालयाच्याच भिंतीवरून सांगते. म्हणून जवळून पाहताना काचेच्या आतले पाहण्यापूर्वी काच पाहावी. ती कोठे आहे, एकच आहे की अधिक, धड आहे की फुटकी, रंगीत आहे की नितळ, हे आधी पाहावे.

लाकडाचेही तसेच. कॉर्नेल नव्या लाकडाला जुनेपणा आणण्यासाठी रंगाचे थरावर थर देई, पेट्या भट्टीत तापवून त्या रंगाला भेगा पाडी, काही पेट्या ऊनपावसात ठेवी. म्हणजे काळाने जे करावे ते तो मुद्दाम घडवून आणी. यात फसवणूक आहे काय? वस्तू जुनी असल्याचा दाखला द्यायचा असता तर ती फसवणूक ठरली असती; परंतु येथे जुनेपण हा एक रंगच आहे, आणि निळा किंवा पांढरा रंग जसा निवडावा तसा तो निवडलेला आहे.

दुसरा मुद्दा शेजाराचा, आणि या व्याख्यानाचा भर मुख्यतः याच मुद्द्यावर आहे.

एका वस्तूशेजारी दुसरी वस्तू ठेवली की दोन्ही बदलतात. हे तत्त्व सांगायला सोपे आहे. ते एखाद्या पेटीत कसे काम करते हे पाहणे अवघड आहे. त्यासाठी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील १९४० ची एकच पेटी सविस्तर पाहू. तिचे नाव ‘तालिओनीज ज्यूएल कास्केट’, म्हणजे तालिओनीची दागिन्यांची पेटी. मारी तालिओनी ही एकोणिसाव्या शतकातील बॅले नर्तकी. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये सादर झालेल्या ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यातील भूमिकेने ती युरोपभर गाजली. कॉर्नेलने तिच्या स्मरणार्थ एकच नव्हे, कितीतरी रचना केल्या. ही पेटी झाकणाची, बिजागऱ्यांवर उघडणारी, आतून मखमल लावलेली आहे. उघड्या झाकणाच्या आतल्या बाजूस काचेच्या खड्यांचा हार आहे, आणि तेथेच काही मजकूर छापलेला आहे. खालच्या भागात काचेचे चौकोनी तुकडे, बर्फाच्या खड्यांच्या मापाचे, खाचांत नीट बसवलेले आहेत. त्यांच्याखाली काच आहे, आणि त्या काचेआड दागिन्यांचे तुकडे व काचकण आहेत.

मजकूर एक हकिगत सांगतो. १८३५ च्या हिवाळ्यात, चांदण्या रात्री, एका रशियन वाटमाऱ्याने तालिओनीची गाडी अडवली आणि तिला बर्फावर पसरलेल्या बिबळ्याच्या कातड्यावर एकट्या स्वतःसाठी नाचायला लावले. त्या रात्रीची आठवण राहावी म्हणून ती पुढे आपल्या दागिन्यांच्या पेटीत कृत्रिम बर्फाचा तुकडा ठेवू लागली, आणि रत्नांमध्ये वितळणाऱ्या त्या बर्फातून हिमाच्छादित प्रदेशावरच्या तारांकित आकाशाचा आभास होई, असा त्याचा आशय आहे.

बहुतेक प्रेक्षक येथे समाधानाने पुढे जातात, कारण काचेचे तुकडे म्हणजे तो बर्फ, खडे म्हणजे तारे, मखमल म्हणजे रात्र, असा हिशेब जुळतो. पण हिशेब जुळला म्हणजे पाहणे संपले असे समजावे काय? थोडे आणखी थांबले तर तीन गोष्टी नजरेस येतात.

पहिली गोष्ट अशी की मजकूर वितळणाऱ्या बर्फाविषयी बोलतो, आणि पेटीत आहेत ते कधीही न वितळणारे काचेचे तुकडे. मजकुरातली आठवण क्षणोक्षणी विरघळते. पेटीतली आठवण गोठून बसली आहे. पेटी मजकुराचे चित्र काढत नाही, ती त्याला प्रत्युत्तर देते. दुसरी गोष्ट तारखेची आहे. तालिओनी रशियात, सेंट पीटर्सबर्गला, नाचण्यासाठी गेली ती १८३७ मध्ये. मग १८३५ च्या हिवाळ्यात रशियन वाटमारी कशी झाली? इतिहासकार येथे चूक दाखवील आणि त्याचे बरोबरही असेल. मात्र पेटी पाहणाऱ्याने यातून वेगळा धडा घ्यावा: पेटीतील मजकूर हा पुरावा नसून पेटीतील इतर वस्तूंसारखीच एक वस्तू आहे, हारासारखीच झाकणावर लावलेली. त्याच्याकडे वाचण्याबरोबर पाहण्याच्याही नजरेने बघावे. तिसरी गोष्ट, तो हार वूलवर्थच्या स्वस्त दुकानात घेतलेला आहे. रत्नांच्या जागी काच, बर्फाच्या जागी काच, ताऱ्यांच्या जागीही काच. एकच सामान्य पदार्थ तीन अमूल्य गोष्टींची जागा घेतो, आणि कोणी कोणाची जागा घेतली आहे हे ठरते ते केवळ तो पदार्थ कोठे ठेवला आहे यावरून. झाकणावर टांगला की तो दागिना, खाचेत बसवला की तो बर्फ, खालच्या काचेआड विखुरला की ते तारे. याहून स्पष्ट शेजार कोठे पाहावा?

आणि शेजार केवळ भरलेल्या जागेचा नसतो. सुमारे १९५३ मध्ये कॉर्नेलने एमिली डिकिन्सन या कवयित्रीला उद्देशून ‘टुवर्ड द ब्लू पेनिन्सुला’ नावाची पेटी केली. तिचा अंतर्भाग पांढरा, जवळजवळ रिकामा आहे. तारेची जाळी आहे, पक्ष्याने बसावे अशी दांडी आहे, आणि मागच्या भिंतीत एक खिडकी आहे जिच्यातून निळे आकाश दिसते. पक्षी नाही. ज्याने कॉर्नेलची एकही दुसरी पेटी पाहिलेली नाही, त्याला येथे निव्वळ रिकामी जागा दिसेल. परंतु डिसेंबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईगन गॅलरीत त्याने पक्ष्यांच्या पेट्यांचे एक संपूर्ण प्रदर्शन भरवले होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही दांडी नुकतीच सोडलेली वाटते. म्हणजे एका पेटीचा शेजार तिच्यातील वस्तूंपुरता नसतो. आधीच्या पेट्याही तिच्या शेजारी असतात. म्हणूनच संग्रहालयात एका कलावंताच्या पेट्या एकत्र मांडल्या जातात तेव्हा त्यांच्या क्रमाला अर्थ असतो, आणि पाहणाऱ्याने एका पेटीवरून दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिलीकडे परत यावे हे योग्य ठरते.

तिसरा मुद्दा हालचालीचा. येथे संग्रहालयाची खरी अडचण आहे.

कॉर्नेलच्या अनेक पेट्या हाताने चालवण्यासाठी केलेल्या आहेत. हॉलिवूडची नटी लॉरेन बॅकॉल हिच्या १९४४ च्या पहिल्या चित्रपटाने प्रभावित होऊन त्याने १९४५-४६ मध्ये केलेल्या निळसर पेटीत वरून लाकडी चेंडू सोडला की तो काचेच्या उतरत्या पट्ट्यांवरून घरंगळत, तिच्या चेहऱ्याजवळून जात, खाली येतो. नाणे टाकून खेळायच्या जत्रेतल्या यंत्रांची ही आठवण आहे. वाळूच्या पेट्यांत रंगीत वाळू एका बाजूने दुसरीकडे घसरते, आणि पेटी उलटी-सुलटी केल्याखेरीज ती घसरत नाही. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधीलच ‘ऑब्जेक्ट (रोझ दे व्हां)’ या १९४२ ते १९५३ अशा अकरा वर्षांत सिद्ध झालेल्या पेटीत, वरच्या तबकात २१ होकायंत्रे आहेत; ते तबक उचलले की खाली १७ कप्पे दिसतात आणि त्यांत नाना लहान वस्तू दिसतात. तबक उचलणे हीच त्या पेटीची कथा आहे: आधी दिशा, मग प्रवासाचे सामान.

संग्रहालयात यातले काय शक्य आहे? काहीच नाही. आणि त्यासाठी संग्रहालयाला दोष देता येत नाही, कारण जुन्या छापील कागदांचा रंग प्रकाशाने उडतो, वाळू गळते, गोंद सुटतो, आणि हजारो हातांनी चेंडू सोडला तर काही वर्षांत पेटीच उरणार नाही. जतन करायचे म्हणजे थांबवावे लागते. पण जे थांबवले, ते मुळात चालणारे होते, हे पाटीवर न लिहिले तर मात्र संग्रहालय चुकते. प्रेक्षकाला वाटते की ही पेटी म्हणजे एक स्थिरचित्र आहे; वस्तुतः तो बंद पडलेल्या यंत्रासमोर उभा असतो. म्हणून जवळून पाहण्याचा एक आवश्यक भाग असा की प्रत्येक पेटीसमोर विचारावे: येथे काय सरकू शकले असते? कोणती वस्तू सुटी आहे आणि कोणती चिकटवलेली? उतार कोणत्या बाजूला आहे? चेंडू कोठून आत जाईल आणि कोठे थांबेल? ही हालचाल मनातल्या मनात घडवून पाहिल्याशिवाय त्या पेट्यांचा अर्धा भाग दिसतच नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. फेब्रुवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या संस्थेत कॉर्नेलच्या पेट्यांचे एक प्रदर्शन खास मुलांसाठी भरवण्यात आले. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे मोठ्यांच्या दृष्टीने बऱ्याच खाली, मांडल्या होत्या, आणि उद्घाटनाला मद्याऐवजी चॉकलेटचा केक व चेरीचा कोला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉर्नेल निवर्तला. या प्रसंगाकडे एका वृद्धाची हौस म्हणून पाहता येईल, पण त्यात एक प्रगल्भ विचार आहे. मुलाला पेटीचे शीर्षक माहीत नसते, डिकिन्सन कोण हे माहीत नसते, तालिओनी कोण हेही माहीत नसते. चेंडू कोठून कोठे जाईल हे मात्र त्याला लगेच दिसते. मोठ्या प्रेक्षकाला जो प्रश्न कष्टाने विचारावा लागतो, तो मूल आपोआप विचारते.

आता चौथा आणि अखेरचा मुद्दा, माहितीचा.

इथवर कॉर्नेलच्या आयुष्याविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही, आणि ते हेतुपूर्वक टाळलेले आहे. त्याचा जन्म १९०३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नायॅक येथे झाला. वडील १९१७ मध्ये वारले. कलेचे औपचारिक शिक्षण त्याने घेतले नाही. तो कापडाच्या व्यवसायात विक्रेता म्हणून काम करी, आणि फावल्या वेळी मॅनहॅटनमधील जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळून छायाचित्रे, नकाशे व नाटकांची जुनी पत्रके गोळा करी. ज्युलियन लेव्ही या कलादालन चालवणाऱ्याकडे १९३१ मध्ये त्याने माक्स एर्न्स्ट या अतिवास्तववादी कलावंताची कोलाज पाहिली, आणि त्यानंतर तो स्वतः कोलाज करू लागला. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांना कलेचा मुख्य आधार मानणारी चळवळ. कॉर्नेल तिच्या प्रदर्शनांत सहभागी झाला, पण तिच्यातील क्रौर्य आणि कामुकतेचा दर्प त्याला मानवला नाही. तो ख्रिश्चन सायन्स या पंथाचा निष्ठावान अनुयायी होता. आई आणि मेंदूच्या पक्षाघाताने अपंग असलेला धाकटा भाऊ रॉबर्ट यांच्यासह तो १९२९ पासून क्वीन्स भागातील यूटोपिया पार्कवे या रस्त्यावरील घरात राहिला, आणि तळघरातील कार्यशाळेत, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खोक्यांत शिंपले, घड्याळांचे भाग, घुबडांची चित्रे असे साहित्य वर्गवारीने ठेवून, बहुधा रात्री काम करत राहिला. युरोपला तो कधीही गेला नाही, तरी त्याच्या पेट्या युरोपातील हॉटेलांच्या नावांनी भरलेल्या आहेत. त्याने जमवलेल्या साहित्याचा मोठा भाग वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अभ्यासकेंद्रात जतन केलेला आहे.

ही माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. तरीही ती अखेरीस का ठेवली? कारण ती फार लवकर सांगितली तर ती पेटीची जागा घेते. एकाकी, भिडस्त, आईच्या छत्राखाली राहिलेला, स्वप्ने पाहणारा माणूस ही प्रतिमा इतकी आकर्षक आहे की तिच्या प्रकाशात प्रत्येक पेटी त्याच एका दुःखाची निशाणी वाटू लागते. पिंजरा दिसला की घरातील बंदिवास, हॉटेलचे नाव दिसले की न घडलेला प्रवास. वाचन सोपे होते आणि पाहणे संपते. ही प्रतिमा अपुरीही आहे, कारण हाच माणूस मार्सेल द्युशां या कलावंताचा स्नेही होता, द्युशांच्या कलाकृतींच्या लहान प्रतिकृती एका पेटीत मांडणाऱ्या संचाच्या कामात त्याने द्युशांला मदत केली, नियतकालिकांची मुखपृष्ठे केली, आणि १९६७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन झाले. एकांत होता, अज्ञातवास नव्हता.

पेटी हा कलाप्रकार अशा एका स्वभावाशी जखडलेला नाही, याचे सर्वांत चांगले प्रमाण इतर कलावंतांनी दिले आहे. कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय कलावती बेटी सार हिने १९६७ मध्ये पॅसाडिना येथे कॉर्नेलचे प्रदर्शन पाहिले, आणि त्याचा तिच्या कामावर खोल परिणाम झाला. तिच्या १९७२ च्या ‘द लिबरेशन ऑफ आँट जेमायमा’ या पेटीत, अमेरिकन स्वयंपाकघरांसाठी विनोदी वस्तू म्हणून एके काळी विकल्या जाणाऱ्या काळ्या मोलकरणीच्या बाहुलीच्या एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात बंदूक आहे, मागे त्याच मोलकरणीची व्यापारी छापील चित्रे ओळीने लावलेली आहेत, आणि तळाशी कापूस आहे. सीमा तीच, शेजाराचे तत्त्व तेच, पण स्वप्नाच्या जागी आरोप आला आहे. मुंबईचा चित्रकार अतुल दोडिया याने २००२ मध्ये ‘ब्रोकन ब्रँचेस’ या मालिकेत संग्रहालयांतल्यासारखी लाकडी-काचेची कपाटे करून त्यांत छायाचित्रे, हत्यारे आणि कृत्रिम अवयव मांडले. पोरबंदरच्या गांधीस्मारकातील कपाटे आणि त्या वर्षीचा गुजरातेतील हिंसाचार ही त्या मांडणीमागची पार्श्वभूमी आहे. तेथे काचेचे कपाट खाजगी स्मृतीसाठी नसून सार्वजनिक जखमेसाठी आहे. या तिघांच्या रचना शेजारी ठेवून पाहिल्या की कॉर्नेलची कोमलता हा त्या माध्यमाचा गुण नसून त्याने केलेली निवड आहे, हे स्पष्ट होते. आणि निवड म्हणून पाहिली की ती अधिक कणखर वाटते.

श्रोतेहो, विवेचनाचा गोषवारा असा. पेटी ही एक जागा आहे. म्हणून आधी तिच्या कडा, तिची खोली आणि तिची काच पाहावी. पेटीतील वस्तू शेजाराने बदलतात. म्हणून वस्तू ओळखून थांबू नये, ती कोठे ठेवली आहे आणि तेथे काय नाही हे पाहावे, आणि पेटीतील शब्दांनाही वस्तूच मानावे. पेटी पुष्कळदा चालणारी असते. म्हणून संग्रहालयाने थांबवलेली हालचाल पाहणाऱ्याने मनात पुन्हा सुरू करावी. आणि कलावंताविषयीची माहिती अवश्य मिळवावी, पण तिला शेवटचे स्थान द्यावे, म्हणजे जे पाहिले त्याची तिच्यामुळे कसोटी लागेल.

यातून संग्रहालयांसाठीही एक अपेक्षा निघते, आणि ती फार खर्चाची नाही. पाटीवर कलावंताचे नाव, वर्ष आणि माध्यम लिहिले जाते; त्यात आणखी एक ओळ असावी, या पेटीत काय हलत असे आणि ते कसे हलवले जाई हे सांगणारी. जेथे शक्य असेल तेथे हात लावता येईल अशी एखादी प्रतिकृती ठेवावी, आणि निदान काही पेट्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडाव्यात. जतन करणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहेच. परंतु जे जतन केले ते कसे वापरले जात असे, हे सांगितल्याखेरीज ते कर्तव्य अर्धेच पार पडते, आणि उरलेले अर्धे प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवायचे असेल तर निदान त्या कल्पनेला सामग्री पुरवणे संग्रहालयाला टाळता येणार नाही.